काका म्हणतात ऐन, आबा म्हणतात किंजळ, व्यापारी म्हणतो जळाऊ: वाळलेल्या झाडाची जात कापण्याआधी कशी ओळखायची?

या वेळचं पत्र एका वाचकाचं आहे, नोकरीला डोंबिवलीत, गाव संगमेश्वर तालुक्यात, आणि खाली सही केलीय 'एक चाकरमानी'. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देतो:

"घरामागच्या गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून एक मोठं झाड वाळून उभं आहे, तीन पावसाळे झाले. पान एक नाही, साल अर्धीअधिक गळून पडलीय. बुंध्याचा घेर ७ फूट, आणि खालचा १२ फूट सोट एकदम सरळ आहे. काका म्हणतात ऐन, शेजारचे आबा म्हणतात किंजळ. एक व्यापारी येऊन गेला, तो म्हणाला जंगली आहे, जळाऊच्या भावात नेतो. मोबाईलच्या ॲपवर बुंध्याचा फोटो टाकला तर प्रत्येक वेळी वेगळंच नाव येतं. घराचं काम काढलंय, दोन दारं आणि एक मोठं जेवणाचं टेबल करायचं मनात आहे. सॉ मिलवाला म्हणतो आधी जात सांगा, मग बघू. आता पान नाही, फूल नाही, तर जात सांगायची कशी?"

चाकरमानी दादा, व्यापाऱ्याचं आधी उरकून घेऊ. 'जंगली' नावाची कुठली जात नसते. तो तुम्हाला जात सांगतच नाहीये, भाव सांगतोय. त्याने झाडाला एक घाव घालून आतलं लाकूड पाहिलं का? पत्रावरून तरी तसं दिसत नाही. तुमचा हिशोब साधा आहे: बाजारात गोल लाकूड मोजतात ते चौथाई घेराने, म्हणजे ७ फुटाचे चार भाग, १.७५ फूट, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने, म्हणजे १.७५ गुणिले १.७५ गुणिले १२, साधारण ३६-३७ घनफूट झालं. (घेर साल काढून मोजायचा, तुमची पडलीच आहे अर्धी.) एवढं इमारती लाकूड असू शकतं आणि ते जळाऊ म्हणून वजनावर द्यायचं की नाही हे आत बघितल्याशिवाय ठरवू नका. व्यापारी कुठे पळत नाही, परत येतोच.

आता काका आणि आबा. खरं सांगू का, या दोघांचं भांडण मिटलं नाही तरी तुमचं काम अडत नाही. ऐन आणि किंजळ एकाच कुळातले, टर्मिनालिया (शास्त्रात याला प्रजाती, म्हणजे जीनस म्हणतात, आपण सोयीसाठी कुळ म्हणू), म्हणजे हिरडा, बेहडा, अर्जुन यांचे भाऊबंद. दोन्ही जड, दोन्ही टणक, दोन्हींचे वासे-तुळया कोकणातल्या जुन्या घरांत अजून डोक्यावर आहेत, दोन्ही वाळवताना तडकायला बघतात आणि कायद्यात पण दोन्ही एकाच यादीत आहेत. त्यामुळे ऐन की किंजळ यावर डोकं फोडण्यापेक्षा तिसरंच काही निघत नाही ना हे बघा, आणि त्या तिसऱ्यात मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बेहड्याची. तोही त्याच कुळातला, तोही असाच उंच सरळ जातो, पण लाकूड पिवळट-राखाडी, गाभा (आतलं पक्कं लाकूड) असा वेगळा दिसत नाही, आणि भुंगा नि वाळवी त्याच्यावर तुटून पडतात. दारं केलीत तर काही वर्षांत चौकटीखाली पीठ. (नळ-दमयंतीच्या गोष्टीत कली जाऊन बसला तो बेहड्यातच, पण ते असो, आपल्याला कलीपेक्षा भुंग्याचा त्रास जास्त.)

तर सुरुवात झाडाखालून करायची, करवत नंतर. बेहड्याच्या फळातली बी दगडासारखी कडक असते, गर कुजून गेला तरी ती राहते. बुंध्यापासून फांद्यांचा पसारा असेल तेवढ्या अंतरात पालापाचोळा हाताने बाजूला करा, वरची माती थोडी खरवडा. गोटीएवढ्या कडक बिया सापडल्या, त्याही बऱ्याच, तर बेहड्याचा संशय पक्का, पण आजूबाजूला दुसरा जिवंत बेहडा नाही ना ते बघा, कारण बिया गडगडत येतात आणि वटवाघळं पण आणून टाकतात. ऐनाचं फळ वेगळं, त्याला उभे पाच पंख असतात, रुंद, कागदी, वाळलं की तपकिरी, हातात घेतलं की चुकायचं कारण नाही. किंजळाचं फळ बारीक, त्याला एक पंख मोठा आणि दोन छोटे, आणि ते झुबक्यांनी येतात. पावसाळा संपला की किंजळ लांबून तांबूस-गंजक्या रंगाचा दिसतो तो या फळांमुळेच. तीन पावसाळ्यांत पंख कुजले असतील, मान्य आहे, पण गडग्याच्या फटीत, दगडाखाली, कोरड्या जागेत एखादं अडकलेलं सापडतं. आणि बुंध्याच्या मुळाशी बारीक फुटवा आलाय का, खाली रोपं आहेत का तेही बघा. फुटवा असेल तर अर्धं काम झालं, त्याचं पान घेऊन कुठल्याही जिवंत ऐनाशी लावून बघा.

गावात विचारताना 'हे कसलं झाड' असं विचारू नका, त्यावर प्रत्येकजण आपलं मत देतो. विचारा की 'या झाडाचं कवळ (पाल्याच्या फांद्या) राबाला तोडायचात का?' भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायला, वर्षानुवर्षं जी झाडं सवळली (फांद्या छाटल्या) ती बहुतेक ऐन-किंजळच, आणि ज्या बाईने डोक्यावर ते भारे वाहिलेत तिला ते झाड नक्की आठवतं. याचा दुसरा एक फायदा असा की वारंवार सवळलेल्या झाडाच्या गाठींतून पाणी आत मुरतं, त्यामुळे आतून पोकळ असायची शक्यता वाढते. तेव्हा हे कळलं तर वरच्या भागाबद्दल आधीच सावध.

साल. अर्धी पडलीय म्हणजे अर्धी आहे, ती बघा. ऐनाची साल जाड, काळपट, आडव्या-उभ्या खोल भेगांनी चौकोन चौकोन पडलेली, मगरीच्या पाठीसारखी, आणि मोठ्या झाडावर ती इतकी ठळक असते की लांबून ओळखू येते. किंजळाची पातळ, भेगा उथळ, उभ्या चिंचोळ्या पट्ट्यांत सुटणारी. बेहड्याची राखाडी-निळसर, बारीक उभ्या रेघा. आणि साल गुळगुळीत पांढरट असेल, कागदासारखे पापुद्रे निघत असतील तर तिघंही चुकले, तो नाणा. नाण्याचं लाकूड चांगलं असतं, नाराज होऊ नका. सालीच्या भेगेत सुकलेला लालभडक गोंद दिसला तर बिबळा असू शकतो, तो तर लॉटरीच.

पण साल फसवते. उन्हापावसात तीन वर्षं उघडं पडलेलं लाकूड कुठलंही असो, वरून राखाडीच दिसतं, आणि ॲपचं तेच झालंय, त्याला पानं-फुलं ओळखायला शिकवलंय, त्याला तुम्ही राखाडी बुंधा दाखवला तर तो काय करणार, काहीतरी नाव देतो बिचारा. खरी ओळख आडव्या छेदात असते. ओंडक्याचं तोंड म्हणतो ना आपण, ते. फळीच्या अंगावरचे रेघा-नक्षी बघून जात सांगणारे पुष्कळ भेटतील, सुतारकामात मुरलेला माणूस सांगतोही बरोबर, पण नवख्याने तिथे जाऊ नये.

त्यासाठी झाड पाडायची गरज नाही. जमिनीलगत बुंध्याच्या एका बाजूला कुऱ्हाडीने खाच घ्या, बाहेरचं पांढरं लाकूड ओलांडून आतला रंग बदलतो तिथपर्यंत, आणि गाभ्याचा मुठीएवढा तुकडा काढा. खाली पडलेली जाड फांदी चालते का? चालते, पण फांदीत गाभा कमी असतो आणि कुजलेली असेल तर रंग पार चुकीचा, तेव्हा बुंध्याचाच घ्या. तुकड्याचं आडवं तोंड करवतीने सपाट करा. आता इथे लोक घाई करतात. करवतीच्या तोंडावर काही म्हणजे काही दिसत नाही, सगळी छिद्रं भुशाने बुजलेली असतात. नवीन ब्लेड घ्या, दाढीचं किंवा कटरचं, तोंडावर थोडं पाणी लावा, आणि नखाएवढ्या जागेत एकाच दमात पातळ काप काढा. घासायचं नाही, कापायचं. ऐनासारखं टणक असेल तर ब्लेड अडखळतं, मग तुकडा तासभर गरम पाण्यात टाका आणि परत करा, हात जपून. तोंड चकचकीत झालं की १० पट दाखवणारं भिंग डोळ्याला चिकटवून तुकडा भिंगाजवळ आणा, उजेडात. सोनार वापरतात ते भिंग, दोन-तीनशे रुपयांत साधं मिळतं.

आत काय दिसेल? छिद्रं. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेतं त्यांची तोंडं. सागात ही छिद्रं एका ओळीत येतात, प्रत्येक वर्षाच्या वाढीच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक कडी, मग बारीक छिद्रं, परत मोठी कडी, नुसत्या डोळ्यांनीही कड्या दिसतात. ऐन-किंजळात अशी कडी नसते, छिद्रं सगळीकडे विखुरलेली, बऱ्यापैकी मोठी, आणि प्रत्येक छिद्राभोवती फिकट रंगाची कड असते जी दोन्ही बाजूंना टोकदार लांबत जाते आणि शेजारच्या छिद्राच्या कडेला जाऊन मिळते, त्यामुळे गडद लाकडावर फिकट तुटक नागमोडी रेघा ओढल्यासारखं दिसतं. हे दिसलं की टर्मिनालिया कुळाच्या बाजूने चांगला पुरावा झाला. पण ऐन की किंजळ हे भिंगाने खात्रीने सांगता येत नाही, दोघांची ठेवण जवळजवळ तीच, तिथे परत साल आणि फळच कामाला येतं. बेहडा मात्र याच टप्प्यावर बाजूला पडतो, भिंगाने नाही तर रंगाने: ऐनाचा गाभा गडद तपकिरी, काळपट रेघा असलेला, बाहेरच्या पांढऱ्यापासून एकदम वेगळा, किंजळाचा त्याहून फिका, राखाडीकडे झुकणारा तपकिरी, आणि बेहड्यात बाहेरपासून आतपर्यंत पिवळट-राखाडी एकच. फक्त रंग ताज्या, निरोगी भागावर बघा, कुजट कडेवर नाही.

छिद्रं भिंगातून पण शोधावी लागली, लाकूड पिवळं आणि एकदम बारीक पोताचं असेल तर हेद. गाभा लाल, वजनदार, छिद्रांत पांढरे ठिपके भरलेले, तर खैर, पण ७ फूट घेराचा खैर तुमच्या गडग्याला असता तर तो इतकी वर्षं उभा राहू दिला नसता कोणी. पिवळाधमक आणि हवेत तपकिरी होत जाणारा फणस, तो तर काका-आबा झोपेतही ओळखतील.

वजनाची चाचणी मला फार आवडते, कारण तिथे मत चालत नाही. त्याच खाचेतून थोडा मोठा तुकडा काढा आणि त्यातून ५ सेंमी बाय ५ सेंमी बाय १० सेंमी असा ठोकळा सुताराकडून नीट काटकोनात काढून घ्या, म्हणजे २५० घन सेंटिमीटर. घरात कोरड्या जागी ठेवा, रोज स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवत जा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. सावर असेल तर १०० ग्रॅमच्या आत-बाहेर, शिवण १२०-१३० च्या आसपास, साग १६०-१६५, ऐन-किंजळ साधारण १९० ते २२५, खैर तर २५० च्या घरात, पाण्यात बुडायला आलेला. तुमचा ठोकळा २१० आला तर काका-आबा दोघंही रांगेत आहेत, १३० आला तर दोघांनाही चहा पाजा आणि विषय बदला. बेहडा मात्र इथे गडबड करतो, त्याचं वजन सागाच्या वर, कधी किंजळाच्या जवळ जातं, म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका. आणि कुजलेला तुकडा हलका भरतो हे आलंच.

बाकी चाचण्या पटपट. वास: ताजा काप नाकाशी धरा, सागाला जुन्या चामड्यासारखा तेलकट वास असतो, शिसवीला गोडसर, ऐनाला सांगण्यासारखा काही नाही. खिळा: बुंध्यात जुना खिळा असेल आणि त्याभोवती निळा-काळा डाग पसरला असेल तर लाकडात टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर आहे, हे हिरड्याच्या कुळाला शोभतं (खैरालाही, म्हणून एकट्या खिळ्यावर जाऊ नका). खिळा नसेल तर गंजाचं पाणी थेंबभर ताज्या लाकडावर टाकून रात्रभर ठेवा. आणि बिबळ्याचा संशय असेल तर गाभ्याचा भुसा काचेच्या ग्लासात पाण्यात टाका, थोड्या वेळाने ग्लास उन्हात काळ्या कापडासमोर धरा, पाण्यावर निळसर झाक मारते. ते बघायला मजा येते, पोरांना दाखवा.

एक गोष्ट मात्र गमतीत घेऊ नका. खाच घेताना किंवा सालीवर काळा, डांबरासारखा सुकलेला चीक दिसला तर हात लावू नका आणि तो तुकडा घरातही आणू नका. बिब्बा आणि रानबिबा या दोन्हींचा चीक अंगावर उतरतो, फोड येतात, कुणाकुणाचं तोंड सुजून डोळे मिटतात, आणि लाकूड वाळलं म्हणून तो सगळा निघून जातो असं नाही. मिलमध्ये भुसा उडतो, तिथे चार माणसं काम करत असतात, त्यांना न सांगता असला ओंडका करवतीवर चढवणं बरोबर नाही. जात आधी कळायला हवी याचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण, टेबल नंतर.

सगळं करूनही शंका राहिली तर दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, तुम्हाला जवळ पडेल, साल आणि तुकडा दोन्ही घेऊन जा. अधिकृत कागद हवा असेल तर बंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था आणि डेहराडूनची वन संशोधन संस्था लाकडाची ओळख करून देतात, डेहराडूनला तर लाकडांच्या नमुन्यांचा मोठा संग्रहच आहे. एका झाडासाठी एवढं करायचं का? दोन दारांसाठी मी नाही करणार. भाऊबंदकीत वाटणी किंवा विक्रीचा वाद असेल तर करेन.

आता कागदपत्रं, कारण चाकरमानी गणपतीत आठ दिवसांसाठी येतो आणि नेमकं हेच राहतं. महाराष्ट्रात १९६४ चा झाडं तोडण्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, साग, खैर, फणस, आंबा, जांभूळ, हिरडा, बिबळा, हेद वगैरे झाडं येतात, आणि ही तुमच्या स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. वाळलंय म्हणजे आपोआप सूट असं धरून चालू नका, तालुक्याच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात आधी विचारा, सातबारा लागेल, आणि कोकणातला सातबारा म्हणजे तुम्हाला माहितीये, खाली अकरा नावं, त्यातली तीन मुंबईत, दोन वर गेलेली. ती संमती गोळा करायला झाड पाडण्यापेक्षा जास्त वेळ जातो, म्हणून आजच सुरुवात करा. मिलपर्यंत न्यायला वाहतुकीचा पास लागेल का तेही तिथेच विचारून घ्या. मिलवाला जात विचारतोय ते उगाच नाही, त्यालाही त्याच्या रजिस्टरात लिहावं लागतं. अर्जात जात लिहिताना गावातलं नाव आणि शास्त्रीय नाव दोन्ही टाका, कारण एकाच झाडाला दोन जिल्ह्यांत दोन नावं असतात आणि कारकुनाला ती माहीत असतीलच असं नाही.

पाडण्याआधी अजून दोन गोष्टी. वर ढोली असेल तर काही दिवस लक्ष ठेवा, तुमच्या भागात धनेश आहे, त्याची मादी जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत स्वतःला बंद करून घेते ते मे-जूनपर्यंत, वाळलेल्या झाडात तो क्वचितच येतो पण घुबड, पिंगळा, पोपट येतातच. आणि कुऱ्हाडीच्या तुंब्याने (मागच्या बोथट बाजूने) बुंधा खालपासून हात पुरेल तिथपर्यंत ठोकत जा, टणटण वाजला तर भरीव, ढब्ब वाजला तिथे आत कूज किंवा पोकळी. तीन वर्षं उभं वाळलेलं झाड पाडणं हे घरच्या माणसांचं काम नाही हेही सांगून ठेवतो, वरच्या फांद्या धक्क्याने कधीही सुटतात, चेनसॉवाला जाणता बोलवा.

समजा ऐन किंवा किंजळ निघाला, मला तरी तसंच वाटतंय. बाहेरचं पांढरं लाकूड तोवर भुंग्याने खाल्लेलं असेल, ते हिशोबातच धरू नका, उरलेल्या गाभ्यातून फळ्या निघतील. तीन वर्षं वाळलंय म्हणजे आतून कोरडं असेल असंही नाही, एवढ्या घेराच्या बुंध्याच्या पोटात ओल टिकते. मिलमध्ये टेबलाच्या फळ्या हव्यात त्यापेक्षा जाड काढा, दीड इंच लागणार असेल तर दोन इंच, कारण वाकतात, तडकतात, रंद्यात जातात. दोन्ही टोकांना लगेच जाड ऑइल पेंट किंवा मेण फासा, कारण ओल सगळ्यात आधी टोकांतून पळते आणि फाट तिथूनच सुरू होते. पडवीत सावलीला, जमिनीपासून वर, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या पट्ट्या घालून थप्पी लावा, वर वजन ठेवा. उन्हात टाकलंत तर ऐन तुमचं टेबल पंधरा दिवसांत फाडून दाखवेल. कोकणातल्या दमट हवेत दोन इंची फळीला वर्ष-दीड वर्ष तरी धरा, म्हणजे या घराच्या कामात दारं तुमच्या लाकडाची होतील असं मला वाटत नाही, दारं बाजारातून वाळलेलं लाकूड आणून करून घ्या. तुमच्या झाडाचं टेबल पुढच्या वर्षी.

आणि बेहडा निघाला तर? मग सरळ त्या व्यापाऱ्याला फोन करा, पण आता ३६ घनफुटाचा आकडा तुमच्या तोंडात असू द्या, फळीसाठी नाही तर पॅकिंगच्या खोक्यांना चालतं ते, त्यामुळे भाव जळाऊपेक्षा वर मागायला हरकत नाही. सावर निघाली तरी तेच. बिबळा निघाला तर व्यापाऱ्याला काही बोलू नका, मला कळवा.

हो, आणि झाड गडग्याला लागून आहे म्हणताय, म्हणजे कधीतरी कोणीतरी त्याला कुंपणाची तार ठोकलेली असणार आणि झाडाने ती गिळलेली असणार. सालीवर आडवा खड्डा किंवा निळा-काळा डाग दिसतो का ते बघा, खालचे चार फूट खडूने खूण करून मिलवाल्याला आधीच दाखवा, बँडसॉची पाती तारेवर गेली तर पात्याचे पैसे तो तुमच्याकडून घेणार आणि पुढचा ओंडका कापायलाही तयार होणार नाही.